नवं घर बांधताय? मोबाईलवरचं ‘एलिव्हेशन’ गुत्तेदाराला दाखवण्याआधी हे वाचा

लातूर : सोयाबीन-तुरीचे पैसे हातात आले, कर्ज मंजूर झालं, की जिल्ह्यातल्या गावागावांत पाया खोदायला सुरुवात होते. औसा असो, निलंगा असो की चाकूर, सगळीकडे चित्र सारखंच. घरमालकाच्या मोबाईलमध्ये पाच-पंचवीस घरांचे फोटो असतात. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, कुणी यूट्यूबवरून काढलेले. त्यातला एक फोटो गुत्तेदारासमोर धरून सांगितलं जातं, “असंच पाहिजे.” गुत्तेदारही मान डोलावतो.

फोटोतलं घर सुंदर असतं, यात वाद नाही. पण ते घर केरळातलं आहे की हैदराबादचं, त्याच्या खाली माती कोणती, त्याची समोरची बाजू कुठल्या दिशेला, हे फोटोत दिसत नाही. बऱ्याच वेळा तर ते घर कुठंच नसतं, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं. आपलं घर मात्र काळ्या मातीवर, एप्रिल-मेच्या उन्हात, आणि १९९३ साली हादरलेल्या जमिनीवर उभं राहणार आहे. म्हणून बाहेरचं रूप ठरवताना कोणत्या गोष्टी पाया खोदण्याआधीच ठरवाव्या लागतात आणि कोणत्या दोन वर्षांनी केल्या तरी चालतात, ते या लेखात पाहू.

समोरची बाजू म्हणजे पाचातला एक भाग

आधी एक साधा हिशोब करू. समजा घर ३० बाय ४० फुटांचं आहे, समोरची बाजू ३० फूट. घराचा घेर झाला १४० फूट. जोत्यापासून वरच्या कठड्यापर्यंत उंची १५ फूट धरली तर बाहेरच्या भिंतींचं क्षेत्र २१०० चौरस फूट, म्हणजे २१ ब्रास होतं. त्यात समोरची बाजू ४५० चौरस फूट. खिडक्या-दारं वजा न करता बघितलं तरी समोरचा भाग एकूण भिंतींच्या पाचव्या हिश्श्याइतकाच आहे.

आता पैसा कुठं जातो बघा. टेक्स्चर, फरशी, दगडाचं क्लॅडिंग, लाइटच्या पट्ट्या, सगळं त्या एका हिश्श्यावर. बाकीच्या तीन बाजूंना एका हाताचा गिलावा, काही ठिकाणी तर नुसती उघडी वीट. पाऊस मात्र चारही बाजूंनी लागतो. ओल मागच्या भिंतीतून आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत आतल्या खोलीचे पोपडे निघायला लागतात. बजेट मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा: आधी चारही बाजूंना दोन हातांचा बाहेरचा गिलावा आणि चांगला बाहेरचा रंग, मग उरलेल्या पैशातून समोरची सजावट.

काळ्या रानात पोर्च आधी फुटतो

आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. घराखालची मातीही तेच करते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या जाणाऱ्या भेगा दिसल्या की बहुतेक वेळा दोष सिमेंटचा नसतो, पायाखालच्या मातीचा असतो.

पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदणं, सगळे कॉलम जोत्याच्या बीमने एकमेकांना बांधणं आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून तो पाणी मारून धुम्मस करणं, हा आपल्या भागातला सरळ उपाय. मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगीर बुडाचे पाईल घालतात. ते काम मात्र इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करू नये.

गोम पुढं आहे. घराचा पाया मुरमापर्यंत जातो, पण समोरचा पोर्च, पायऱ्या आणि कंपाउंडची भिंत हे ‘नंतरचं काम’ म्हणून दोन-अडीच फुटांवर उभं केलं जातं. मग घर जागेवर राहतं आणि पोर्च हलतो. घर आणि पोर्च यांच्या सांध्यात उभी भेग पडते, पायऱ्या घरापासून सुटतात. ज्या भागावर सगळ्यात जास्त पैसा लावला तोच आधी फुटलेला दिसतो. पोर्च पाहिजे असेल तर त्याच्या कॉलमचा पाया घराच्या पायाइतकाच खोल घ्या आणि घराच्या पायासोबतच घ्या. पायऱ्या मुद्दाम वेगळ्या ठेवून मधे सरळ सांधा सोडला तरी चालतं. तो सांधा पुन्हा भरता येतो.

घराभोवती तीन फूट रुंदीचा कोबा किंवा फरशी करून तिचा उतार बाहेर ठेवा. न्हाणीघराचं पाणी भिंतीला लागून मुरू देऊ नका. वड-पिंपळ, निलगिरी अशी खोल पाणी ओढणारी झाडं भिंतीला चिकटून नकोत.

जोतं : गावातला रस्ता दरवर्षी वर येतो

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच असावं, असा बांधकामातला सर्वसाधारण नियम आहे. गावात तेवढ्यावर भागत नाही. कारण आपल्याकडं जुना रस्ता खोदून काढत नाहीत, त्याच्यावरच नवा सिमेंट रस्ता टाकतात. दोन-तीन वेळा काम झालं की रस्ता फूटभर वर येतो आणि घराचा उंबरा खाली जातो. पहिल्या जोरदार पावसात गटाराचं पाणी थेट बैठकीत. गल्लीतली जुनी घरं बघा, त्यातल्या कितीतरी घरांत आता पायऱ्या उतरून जावं लागतं. रस्त्यापासून अडीच-तीन फूट जोतं धरलं तर पुढची वीस वर्षं काळजी नाही, आणि घर दिसायलाही भारदस्त दिसतं. वयस्कर माणसं घरात असतील तर पायऱ्या कमी उंचीच्या, रुंद करा आणि एका बाजूला हाताला धरायला पाईप लावा.

जुने वाडे बघितलेत तर खालचा भाग नेहमी घडीव काळ्या दगडाचा असायचा. पावसाचं पाणी जमिनीवर आपटून चिखल दीड-दोन फूट वर उडतो, तो दगडावर दिसत नाही आणि दगडाचं काही बिघडतही नाही. नव्या घरातही जोत्याला काळा दगड लावा, नाहीतर किमान गडद रंगाचा पट्टा द्या. पांढऱ्या-क्रीम रंगाच्या भिंती जमिनीपर्यंत आणल्या की पहिल्याच पावसाळ्यात घराला काळी किनार लागते.

उन्हाची भिंत कोणती, पावसाची कोणती

आपल्या भागात मोसमी पाऊस मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो, परतीचा पाऊस वादळी असतो आणि पूर्वेकडूनही झोडपतो. ऊन सगळ्यात जास्त त्रास देतं ते पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारनंतर. रात्री अकरा वाजता हात लावला तरी ती भिंत गरम लागते.

दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला की ऊन बऱ्यापैकी अडतं, कारण सूर्य उंचावर असतो. पश्चिमेला मात्र तो खाली उतरलेला असतो, किरणं छज्ज्याच्या खालून आत येतात. तिथं छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग कमी. पश्चिमेला खिडक्या लहान आणि मोजक्या ठेवा, त्या बाजूला जिना, स्टोअर, न्हाणी किंवा ओसरी काढा, किंवा थोड्या अंतरावर कडुनिंब लावा. घराची समोरची बाजूच पश्चिमेला येत असेल तर फोटोतली मोठी काच विसरा. तिथं खोल ओसरी आणि सिमेंटची किंवा विटांची जाळी शोभून दिसते आणि कामाचीही असते. आपल्या जुन्या ढाळजेचं काम तेच होतं.

आजकाल छज्जा नसलेली सपाट, चौकोनी घरं काढायची फॅशन आली आहे. फोटोत ती झकास दिसतात. पण खिडकीवर छज्जा नसला की पावसाचं पाणी भिंतीवरून सरळ चौकटीत उतरतं. सपाट रूप पाहिजेच असेल तर खिडकीच्या चारही बाजूंना फूट-दीड फूट बाहेर येणारी चौकट काढा, म्हणजे छज्जाही झाला आणि नवं रूपही मिळालं.

छज्जा ओतताना त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंच-दीड इंच आत, एक बारीक खाच ठेवायला सांगा. पाणी कडेवरून खाली आलं की त्या खाचेपाशी तुटून थेंब खाली पडतो. खाच नसली तर तेच पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरकत भिंतीला लागतं आणि वर्षभरात खिडकीच्या वर काळे ओघळ दिसतात. या खाचेला खर्च जवळपास शून्य. पण ती सेंट्रिंग करताना किंवा गिलावा ओला असतानाच होते.

पागोळ्या आणि छज्जा आपल्याच हद्दीत पडतील असं बघा. शेजाऱ्याच्या जागेत छज्जा गेला म्हणून भावकीत कोर्टापर्यंत गेलेली भांडणं कुठल्याही गावात सापडतील. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल आणि मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती समोर ठेवूनच समोरची रेघ आखा. ग्रामपंचायतीकडून परवानगी घेऊनच काम सुरू करा.

बाहेर आलेल्या स्लॅबचं लोखंड वरच्या अंगाला

हा भाग नीट वाचा, कारण इथं चूक झाली तर जीव जातो.

नव्या एलिव्हेशनमध्ये खांबाशिवाय बाहेर आलेली गॅलरी आणि पोर्च फार असतात. साध्या खोलीच्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी आधार असतो, तो मधे खाली वाकायला बघतो, म्हणून त्याचं मुख्य लोखंड खालच्या अंगाला असतं. बाहेर आलेल्या गॅलरीचं उलटं. हात आडवा पसरून त्यावर कळशी ठेवली तर ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो, तसंच गॅलरीत ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून तिचं मुख्य लोखंड वर पाहिजे, आणि ते आतल्या स्लॅबमध्ये निदान बाहेरच्या लांबीच्या दीडपट आत गेलेलं पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं? सळई वर बांधलेली असते, पण माल ओतताना मजूर तिच्यावरून चालतात आणि ती दबून खाली बसते. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. सेंट्रिंग काढल्यावर, किंवा चार वर्षांनी लग्नात वरात बघायला गॅलरीत वीस माणसं उभी राहिल्यावर कळतं. स्लॅबच्या दिवशी घरचा एक माणूस फक्त गॅलरीपाशी उभा करा. वरचं लोखंड धरून ठेवणाऱ्या लोखंडी खुर्च्या खाली आहेत ना, आणि कुणी त्यावर पाय देत नाही ना, एवढंच त्यानं बघायचं. गॅलरीखालचे टेकू सगळ्यात शेवटी काढायचे, तेही इंजिनिअर सांगेल तेव्हा. आणि गॅलरीच्या टोकाला विटांचा जड कठडा बांधण्यापेक्षा लोखंडी रेलिंग हलकं पडतं.

थ्रीडी चित्र काढणारा आणि आरसीसीचा नकाशा देणारा हे दोन वेगळे लोक आहेत. चित्रात दहा फूट पोर्च हवेत तरंगताना दाखवायला काहीच लागत नाही. तो उभा राहील का, हे सळईचा हिशोब करणारा इंजिनिअरच सांगू शकतो. चित्र पक्कं करायच्या आधी त्याला दाखवा. पाया भरून झाल्यावर खांब हलवता येत नाही.

किल्लारीची आठवण ठेवून

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री झोपलेली गावं गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली, ५२ गावांचं नव्या जागेवर पुनर्वसन करावं लागलं. माणसं मेली ती भिंतींखाली आणि माळवदाखाली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, बाहेरून आणि आतून दगड, मधे नुसता माती-चुरा, दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर मातीचा जड थर. त्याआधी हा भाग देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या भूकंप पट्ट्यात धरला जात होता.

आता माळवद जाऊन स्लॅब आला. म्हणून धोका संपला असं समजू नये, कारण बाहेरचं रूप काढताना तोच जडपणा वेगळ्या रूपात परत येतो. डोक्यावर पाच फुटांचा विटांचा नक्षीदार कठडा, त्यावर मनोरा, मनोऱ्यावर पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन होतं. ते वजन खाली थेट कॉलमवर उतरत असेल तर ठीक, नुसत्या समोरच्या पडभिंतीवर असेल तर नाही. कठडा मीटरभर, म्हणजे सव्वातीन फूट, पुरतो. तो विटांचाच असेल तर आठ-दहा फुटांवर छोटे आरसीसी खांब आणि वरून एक आरसीसी पट्टी घ्या.

दुसरी गोष्ट गाळ्यांची. रस्त्याला लागून घर असलं की खाली दोन-तीन गाळे काढून शटर लावायचे आणि वर राहायचं, हा आता रिवाज झाला आहे. उत्पन्न मिळतं, चुकीचं काही नाही. पण वर सगळ्या भिंती आणि खाली समोर नुसते बारीक खांब अशी रचना झाली तर हादऱ्यात खालचा मजलाच आधी बसतो. असं घर काढायचं असेल तर इंजिनिअरला आधीच सांगा, तो खालचे कॉलम मोठे धरेल. रिंगांची टोकं आतल्या बाजूला पूर्ण वळवलेली आहेत का, तेवढं तुम्ही स्वतः बघा. नुसती काटकोनात दुमडलेली रिंग हादऱ्यात उघडते. भिंतीवर बांधलेल्या, कॉलम नसलेल्या लहान घरात खिडकी-दारांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारी आरसीसी पट्टी सोडू नका.

पाणी मारायला पाणी आहे का?

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही. आपल्याकडं पैसा दिवाळीनंतर येतो, पाया-जोतं होईपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो, आणि ऐन टंचाईत स्लॅब पडतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. गावात मिळणारी बहुतेक पोती पीपीसीची असतात, पोत्यावर लिहिलेलं असतं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येतं, पण छज्जा, कॉलम आणि समोरचे नक्षीचे पट्टे यांच्यावर पाणी थांबत नाही. त्यांना गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. समोरच्या लाइटच्या पट्ट्या एक वर्ष उशिरा लावल्या तर काही बिघडत नाही.

फरशी, दगड, एसीपी, काच

पातळ क्लॅडिंग फरशी नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर चिकटवली तर आपल्या उन्हात ती सुटते. दिवसा तापणं आणि रात्री थंड होणं सुरूच असतं. त्यासाठी टाइल चिकटवायचा खास मसाला मिळतो, तोच वापरा. जड दगड डोक्याच्या वरच्या उंचीवर लावायचा असेल तर मसाल्यासोबत स्टीलच्या क्लिपा पाहिजेत. दाराच्या बरोबर वर जड दगड लावूच नये, असं माझं मत.

एसीपी पत्र्याच्या आत प्लॅस्टिकचा थर असतो. स्वस्त पत्र्यातला तो थर आगीत पेटतो. शिवाय वादळात एखादा पत्रा निघाला तर त्याच रंगाचा दुसरा तालुक्याला मिळेलच असं नाही. दुकानाच्या पाटीला ठीक, राहत्या घराला त्याची गरज काय? त्यापेक्षा जवळच्या खाणीतला काळा दगड, उघडी ठेवलेली पक्की वीट, सिमेंटची जाळी या गोष्टी गावातला गवंडी दुरुस्त करू शकतो.

घरकुलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असावं लागतं. एवढ्यात सजावटीला जागा नाही हे खरं, पण उंच जोतं, समोर चार फुटांची ओसरी, जोत्याला काळ्या दगडाचा पट्टा आणि दोन रंग एवढ्यावर घर देखणं होतं. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला आहे, त्यात महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांसाठी नमुने आहेत. पंचायत समितीच्या घरकुल इंजिनिअरकडे विचारा.

फोटोत नसणाऱ्या वस्तू

फोटोतल्या घराला कूलर नसतो. आपल्या घराला असतो. मग नव्याकोऱ्या समोरच्या खिडकीत लोखंडी स्टँड ठोकून कूलर बसतो, त्याच्या खालून गंजाचं पाणी भिंतीवर उतरतं. कूलरची खिडकी बाजूच्या भिंतीला, आधीच ठरवून ठेवा. तसंच स्लॅबचं पाणी उतरवणारे पाईप, वीज मीटर, डिशची छत्री, सोलार यांच्या जागा नकाशावरच टाका. पावसाचे पाईप बाजूला घेऊन बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले तर उत्तम. गेट ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढं, निदान १२ फुटांचं ठेवा.

रंग सगळ्यात शेवटी

वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते आणि गिलावा ओला असतानाच रंग लावला जातो. मग खार फुटतो आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. गिलाव्याला आठवडाभर पाणी, त्यानंतर किमान महिनाभर सुकू देणं, मग बाहेरचा प्रायमर आणि बाहेरच्याच भिंतींसाठीचा इमल्शन रंग, हा क्रम. आतला डिस्टेंपर बाहेर चालत नाही. सध्या गडद राखाडी रंगाची लाट आहे, पण गडद रंग ऊन पितो. पूर्व-पश्चिमेला फिकाच रंग घ्या, गडद हवाच असेल तर सावलीतल्या ओसरीच्या आत द्या. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशीचं काम किंवा दर उन्हाळ्यात चुन्याचा हात दिला तर खालची खोली जाणवण्याइतकी थंड राहते. गच्चीचा उतार दहा फुटांना सव्वा-दीड इंच असावा.

घाई नसेल तर वास्तुशांती नुसत्या पांढऱ्या प्रायमरवर उरका आणि एक पावसाळा जाऊ द्या. कुठं ओल धरते, कुठं बारीक भेग दिसते, चिखल किती उंच उडतो हे तोपर्यंत समजतं. दसऱ्याच्या सुमाराला त्या जागा भरून घ्या. मग रंगाचे दोन-तीन छोटे डबे आणून प्रत्येकी तीन बाय तीन फुटांचा चौकोन भिंतीवरच रंगवा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ बघा. दुकानातल्या कार्डावरचा रंग मोठ्या भिंतीवर नेहमी जास्त भडक दिसतो.